पंचवीस मार्कांची खाडी



आधी हिशेब. विद्यापीठ अनुदान आयोगाने २००३-०४ च्या सुमारास पदवीच्या सगळ्या शाखांसाठी पर्यावरणाचा सक्तीचा अभ्यासक्रम काढला. १०० मार्कांचा. ७५ लेखी, २५ क्षेत्रभेटीचे. ५० तासांतले ५ तास वर्गाबाहेर. आयोगाला हे काही झोपेतून उठून सुचलं नाही. एम. सी. मेहता ह्या वकिलाच्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने १९९१ सालीच हुकूम दिला होता की हा विषय शिकवा. नीट अंमल होईना. २००३ साली कोर्टाने पुन्हा कान पिळले, मग पुस्तकं निघाली. पुढे नावं बदलली, मार्कांचे क्रेडिट झाले, २०२३ साली आयोगाने नवा आराखडा आणला. पण पोरांना एकदा बाहेर न्यायचं, काहीतरी दाखवायचं आणि फाइल लिहून घ्यायची, हा रिवाज कायम आहे.

बाहेर काय दाखवायचं तेही त्या मूळ अभ्यासक्रमात छापलंय. एक, जवळचा एखादा पर्यावरणाचा ठेवा : नदी, जंगल, गवताळ रान, टेकडी, डोंगर. दोन, जवळची एखादी प्रदूषित जागा. पुढे झाडं-कीटक-पक्षी वगैरे आहेच. माझं भांडण ह्या पहिल्या दोन ओळींशी आहे. आमच्या मिरा-भाईंदरात ठेवा कुठे आणि प्रदूषित जागा कुठे, आणि कुठल्या बाजूला कोण राहतो, हे मला पुस्तक उघडायच्या आधीपासून माहीत होतं.

पहिल्या वर्षाला होतो. कॉलेजचं नाव घेत नाही. त्या एका कॉलेजला फाशी देऊन काही व्हायचं नाही. सकाळी बस निघाली. घोडबंदर रोडने चेण्याकडं, नॅशनल पार्कच्या कडेला. साग, ऐन, कुडा, पळस वहीत उतरवले. मग खाडीवर. तिवरं पाहिली, बगळे मोजले. मॅडम चांगलं शिकवत होत्या, खोटं कशाला बोलू? खाजणाच्या चिखलात ऑक्सिजन नसतो म्हणून तिवराची मुळं उलटी वर येतात, पेन्सिली रोवल्यासारखी, आणि हवेत तोंड काढून श्वास घेतात. हे मला त्या दिवशी कळलं आणि फार आवडलं. जल्मभर त्याच चिखलात निवट्या धरल्या होत्या, पण असं कुणी सांगितलं नव्हतं.

दुपारी बस वळली. वळली ती ओळखीच्या रस्त्याला. आणि थांबली आमच्या नाल्यावर.

"ही आपली दुसरी साईट."

सगळ्यांनी रुमाल काढले. एक पोरगी म्हणाली, "इथं माणसं राहतात?" मी मागच्या सीटवर वाकून बुटाची लेस बांधत बसलो. पाच मिनिटं लेस बांधली. कारण समोर नळाच्या रांगेत माझी माय हंडा घेऊन उभी होती.

ही लाज कुणाची होती, त्याचा जाब मी त्या पोरीला विचारत नाही. तिला कुणी शिकवलंच नव्हतं की प्रदूषित जागेला पत्ता असतो आणि त्या पत्त्यावर टपाल येतं. जाब विचारायचाय तो त्या शास्त्राला, जे नाल्यातलं पाणी बाटलीत भरतं आणि नाल्याकडेच्या माणसाला 'अतिक्रमण' म्हणून वहीत लिहितं.

मी फाइल लिहिली. नाल्याचीच लिहिली. पाणी कुठून येतं, कोणत्या वेळेला कोणत्या रंगाचं येतं, काठावर कोण राहतं, ते कुठून आले, काय काम करतात. शेवटी एक तक्ता जोडला, त्यात जातीचा रकाना टाकला. निम्म्याच्या आसपास आपली घरं. बाकी मातंग, वडार, यूपीकडचे मुसलमान, आणि तीन घरं मराठ्यांचीसुद्धा. तीही लिहिली. फाइल परत आली. २५ पैकी ११. तांबड्या शाईत शेरा : विषयाला सोडून. जातीचा येथे संबंध नाही. शेजारच्या बाकावरच्याने फ्लेमिंगोचे फोटो चिकटवले होते, त्याला २३.

संबंध नाही? बरं. मग संबंध लावून दाखवतो, त्यांच्याच पुस्तकातून.

पुस्तकात बीओडी नावाचं प्रकरण असतं. पाण्यातली घाण कुजवायला जंतूंना किती ऑक्सिजन लागतो त्याचं माप. आकडा जेवढा मोठा तेवढं पाणी मरणाच्या जवळ. आंघोळीच्या पाण्याचा बीओडी लिटरला ३ मिलिग्रॅमच्या वर नको, असं केंद्रीय प्रदूषण मंडळ म्हणतं. गटाराच्या कच्च्या मैलापाण्याचा असतो २००-३००. आणि दुधाचा? एक लाखाच्या आसपास. दूध हे पोटाला अमृत, पण तळ्यात ओतलंत तर मैल्याच्या शेकडो पट जड. शेणाचंही तेच.

आता २० मार्च १९२७ आठवा. महाडच्या चवदार तळ्याचं पाणी बाबासाहेब प्याले, आपली माणसं प्याली. गुरंढोरं पीत होती तोवर तळं शुद्ध होतं. आपण ओंजळ लावली आणि बाटलं. मग गावच्या शहाण्यांनी त्याची शुद्धी केली. १०८ घागरी, शेण, गोमूत्र, दूध, दही, वर मंत्र, आणि सगळं तळ्यात! मॅडम, हे तुमच्या कुठल्या प्रकरणात बसतं? आमच्या ओंजळीने त्या पाण्याचा बीओडी किती वाढला आणि त्यांच्या शुद्धीने किती वाढला, हा प्रश्न परीक्षेत का येत नाही? ह्या देशात पाण्याच्या प्रदूषणाचा पहिला गाजलेला खटला म्हणजे तो. प्रदूषण करणारे सोवळ्यात होते आणि आरोपी आम्ही. त्या प्रयोगाचा निकाल उलटा लावायला शंभर वर्षं होत आली तरी 'जातीचा येथे संबंध नाही'!

दुसरं प्रकरण काढा. हवा. हायड्रोजन सल्फाइड. पुस्तक म्हणतं, सडक्या अंड्याचा वास. बास, एक ओळ. तिवराच्या चिखलातही तो थोडा असतो, उघड्या हवेत उडून जातो, कुणी मरत नाही. बंद गटारात साचतो. आणि जे पुस्तकात ठळक अक्षरात पाहिजे ते नसतंच : हा वायू दहा लाख भागांत शंभरेक भाग झाला की नाक मरतं. वास येणंच बंद होतं. उतरणाऱ्याला वाटतं गॅस गेला. तो दोन पायऱ्या आणखी उतरतो. कित्येकशे भागांवर दोन-चार श्वासांत माणूस आडवा. मग त्याला काढायला दुसरा उतरतो, त्याला काढायला तिसरा. म्हणून बातमीत एकटा माणूस क्वचितच असतो. १९९३ साली कायदा झाला, २०१३ साली दुसरा झाला. २७ मार्च २०१४ ला सुप्रीम कोर्टाने मेलेल्यांच्या घरच्यांना १० लाख द्या म्हटलं, ऑक्टोबर २०२३ मध्ये ३० लाख केले. किंमत वाढली, उतरणं थांबलं नाही. उतरणाऱ्याची जात मी सांगत नाही. कुठल्याही शहरात जा, मस्टर बघा.

माझी माय ठेकेदाराकडं झाडू मारते. हातमोजे वर्षातून एकदा मिळतात, फोटो काढायच्या दिवशी. बा पॉलिशच्या गाळ्यात. भाईंदर पूर्वेला स्टीलच्या भांड्यांचे गाळे आहेत, तुमच्यातल्या निम्म्यांचे बाप-भाऊ तिथं असतील. बफिंगच्या चाकावर भांडं धरलं की धूळ उडते ती क्रोमियमची, निकेलची. संध्याकाळी बा चूळ भरतो ती काळी पडते. रसायनशास्त्राच्या पुस्तकात क्रोमियमला पानभर जागा आहे. बाच्या फुप्फुसाला नाही. आणि माय शाळेत एक दिवस गेलेली नाही, पण नाल्याकडं बघून सांगते, "आज ॲसिडवाल्यानी सोडलंया, आजूक घंटाभर हांडे बाहेर ठिऊ नगा." दर वेळी बरोबर. रात्री किती वाजता सोडतात, पावसाच्या पहिल्या सरीला जास्त का सोडतात, ते तिच्या डोक्यात नोंदलेलं आहे. वीस वर्षांची नोंद. पीएच.डी.वाले असली नोंद मिळवायला फेलोशिप घेतात.

उत्तनला जा. शहराचा कचरा तिथं धावगीच्या डोंगरावर पडतो. आगी लागतात, धूर गावात उतरतो, पावसाळ्यात काळं पाणी खाली येतं. तिथल्या कोळणी आपल्या जातीच्या नाहीत, बऱ्याच धर्माने ख्रिस्ती आहेत. पण वलांडीवर बोंबील वाळत घालणाऱ्या बाईला धुराचं शास्त्र विचारा. डोलीच्या जाळ्यात मासळी किती आणि प्लास्टिक किती, तिच्या नवऱ्याला विचारा. काशिमिऱ्याकडच्या पाड्यांवरच्या वारल्याला विचारा, जंगल कुठं सुरू होतं. फॉरेस्टवाला एक जागा दाखवील, तो दुसरी दाखवील. ह्यांच्याकडून माहिती घेऊन जाणारे बरेच येतात. फाइल झाली की तोंड दाखवत नाहीत.

आता तिवरांचं बोलतो, कारण इथं आपलीही अडचण आहे. ऑक्टोबर २००५ मध्ये हायकोर्टाने महाराष्ट्रभर तिवरं तोडायला बंदी घातली, भोवतीच्या ५० मीटर पट्ट्यात बांधकामाला बंदी घातली. २०१८ साली आणखी कडक केलं, तिवरं मारणं म्हणजे लोकांचा जगण्याचा हक्क मारणं असं म्हटलं. मी ह्या हुकमाच्या बाजूचा आहे. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला तेव्हा पहिलं पाणी कुणाच्या घरात शिरलं? टॉवरच्या तिसऱ्या मजल्यावर शिरलं नाही. खाडीचं पाणी पसरायला खाजण राहिलं नाही की ते आमच्या उंबऱ्यावर येतं. तिवर ही आपली भिंत आहे.

पण हुकमाची अंमलबजावणी बघा. जेसीबी येतो तो झोपडीवर. खाजणावर भराव घालून उभ्या राहिलेल्या इमारतींना कागद असतात, नकाशे असतात, नावात 'सी व्ह्यू' असतं. झोपडीला कागद नसतो. मग पक्षी मोजणारे सज्जन पेपरात लिहितात की झोपड्यांमुळे तिवरं गेली. साहेब, भरावाचे ट्रक रात्री कोणाचे होते? झोपडीवाल्याकडे डंपर असतो का?

तरी खोटं लिहायचं नाही म्हणून हेही लिहितो : डंपर खाली करायला दिवसाच्या रोजावर आपलीच पोरं होती. तिवरांच्या मुळाशी रॅबिट टाकून पायवाट करणारा झोपडीदादा जयंतीच्या वर्गणीच्या यादीत पहिल्या नंबरावर असतो. त्याला स्टेजवर खुर्ची देतो आपण.

आणि इथून पुढचं तुम्हाला उद्देशून आहे, दोस्तांनो. राग आला तर येऊ द्या.

माझी ही फाइल घेऊन मी आपल्या एका बैठकीत गेलो. म्हटलं, वस्तीतल्या पोरांची एक तुकडी करू, वर्षभर नाल्याचं पाणी मोजू. एक जुना कार्यकर्ता हसला. "पर्यावरण म्हणजे पोट भरलेल्या बामणाची फॅशन हाय रे. आपला प्रश्न नोकरीचा, अत्याचाराचा. तू झाडं मोजत बसणार?" सगळे हसले. मीही हसलो थोडा. घरी येऊन झोप लागली नाही.

कारण अत्याचार म्हणजे नक्की काय, हाच प्रश्न आहे. गावात पाणवठ्यावर मारलं तर अत्याचार, आणि शहरात पाणवठाच विषारी करून ठेवला तर 'नागरी समस्या'? गावकुसाबाहेर आपल्याला ठेवलं तेव्हा दिशासुद्धा ठरवून दिली होती; वाऱ्याची, ओढ्याच्या उताराची. शहराने तीच दिशा पाळली, फक्त त्याचं नाव डेव्हलपमेंट प्लॅन ठेवलं. आणि बाबासाहेब? १९४२ ते ४६ व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खातं त्यांच्याकडं होतं, पाटबंधारे आणि वीज त्याच खात्यात. दामोदर खोऱ्याची योजना, महानदीचा प्रश्न, ह्यावर ते आकडे घेऊन बोलले. महाराष्ट्र शासनाने छापलेल्या खंड १० मध्ये सगळं आहे. किती जणांनी उघडलाय? आपण फोटोला हार घालतो आणि नदीवर बोललेला माणूस कपाटात कुलूपबंद ठेवतो. मग पर्यावरण बामणाचं होतं ह्यात नवल काय? रिकामी जागा कुणीतरी घेणारच.

ह्यूस्टनची गोष्ट सांगतो. अमेरिकेतलं शहर. १९७९ साली तिथं काळ्यांच्या एका वस्तीला खेटून कचराभूमी टाकायचं ठरलं. वस्ती कोर्टात गेली. वकील लिंडा मॅकीव्हर बुलार्ड. त्यांना पुरावा पाहिजे होता. त्यांचे नवरे रॉबर्ट बुलार्ड टेक्सास सदर्न विद्यापीठात समाजशास्त्र शिकवायचे. त्यांनी वर्गातली पोरं कामाला लावली. संगणकावरचे नकाशे तेव्हा हाताशी नव्हते. जुनी दप्तरं उपसली, शहर पालथं घातलं. निघालं काय? शहराच्या मालकीच्या पाचच्या पाच कचराभूमी काळ्यांच्या वस्तीत. कचरा जाळायच्या आठ भट्ट्यांपैकी सहा काळ्यांच्या वस्तीत. आणि शहरात काळ्यांची संख्या चौथ्या हिश्श्याच्या आसपास. खटला ते हरले. फाइल मात्र उरली, आणि तिच्यावर पुढे पर्यावरणीय न्याय नावाचं आख्खं शास्त्र उभं राहिलं. कॉलेजच्या वर्गातल्या पोरांची फाइल होती ती! पँथरने १९७२ साली नाव काळ्यांकडून उचललं. ही रीत उचलायची राहून गेली.

म्हणजे करायचं काय? क्षेत्रभेटीला नाक मुरडू नका. कॉलेजातल्या पोरांनी 'प्रदूषित जागा' हा विषय स्वतः मागून घ्या. सर म्हणतील, तिकडं नको, नॅशनल पार्कला चल. मागे हटू नका, अभ्यासक्रमात छापलंय. मोजमाप इतकं पक्कं करा की तांबड्या शाईला शिरायला फट राहू नये. मी पहिल्या खेपेला तिथंच चुकलो होतो. नुसता रंग आणि वास लिहिला, आकडा नव्हता. माझ्या ११ मार्कांत दोन-चार मार्कांची चूक माझी होती, हे मान्य. भरती-ओहोटीची वेळ लिहा, कारण भरतीला खाडीचं पाणी आत येऊन नाला अर्धा स्वच्छ दिसतो आणि सरकारी माणूस नमुना घ्यायला नेमका तेव्हा येतो. माहितीचा अधिकार २००५ पासून आहे. मस्टर मागा, हातमोजे-बुटांच्या खरेदीची बिलं मागा, गाळ्यांना प्रदूषण मंडळाने दिलेली संमतीपत्रं मागा. मोठे प्रकल्प आले की त्यातल्या बऱ्याचशांना २००६ च्या अधिसूचनेप्रमाणे जनसुनावणी लागते, अहवालाचा गोषवारा मराठीत द्यावा लागतो. तिथं घोषणा देऊन बाहेर पडण्यापेक्षा तक्ता ठेवून बसणारा त्यांना जास्त जड जातो. आणि जातीचा रकाना ठेवा. विचारून लिहा, लिहिलेलं घरच्यांना वाचून दाखवा. आकडा आपल्या म्हणण्याच्या उलटा आला तरी खोडू नका.

गेल्या पावसाळ्यानंतर मी नाल्यावर पुन्हा बसलो, ह्या खेपेला बाटली घेऊन. पाण्यातला ऑक्सिजन मोजायची विंकलरची रीत आहे. बाटली बुडबुडा न राहता काठोकाठ भरायची, त्यात मँगनीज सल्फेट घालायचं, मग अल्कली आयोडाइड. गाळ तांबूस बसला तर पाण्यात ऑक्सिजन आहे. पांढरा बसला तर नाही. माय पाठीमागं येऊन उभी राहिली होती. गाळ हळूहळू खाली बसला. पांढराशुभ्र.

"पांढरं हाय, म्हंजी चांगलं ना?" तिने विचारलं.

"नाय माय. मेलंय."

"मग त्ये मला म्हाईत हुतंच की," ती म्हणाली आणि कामावर गेली. मी तिचं वाक्य तारीख-वेळेसकट वहीत लिहिलं, आकड्याच्या शेजारी.

येत्या अमावास्येला उधाण आहे. ओहोटी पहाटे सहा-सातच्या दरम्यान लागेल, तेव्हा नाला उघडा पडतो आणि खाडीचं पाणी मिसळलेलं नसतं. भाईंदर स्टेशनवर पूर्वेला साडेपाचला भेटायचं. कॉलेजच्या प्रयोगशाळेने मोडीत काढलेल्या सहा बाटल्या माझ्याकडं आहेत, रसायनं दोन वेळेपुरती आहेत. वही, पेन्सिल आणि जुने बूट आपापले आणा. चपलेवर येऊ नका, चिखलात काचा आहेत. पोरी येणार असतील तर त्यांनी वस्तीतल्या बायांशी बोलायचं काम घ्यावं असं मी म्हणणार होतो. माझ्या बहिणीने झापलं, म्हणाली बाटली तू धर आणि बायांशी मी बोलते असं आधीच ठरवणारा तू कोण? तेव्हा कोण काय करणार ते तिथंच ठरवू.